परभाषेंतील अद्भुतपट आणि तळाच्या दोन ओळी

परकीय भाषेंतील बोलपट पाहावयास बसणें म्हणजे एका डोळ्यानें नाटक आणि दुसऱ्या डोळ्यानें पोथी अशा दुहेरी कसरतीस सिद्ध होणें होय, असें आमचें मत आहे. आणि तें आम्हीं आजवर कोणापासून लपवून ठेविलेलें नाहीं. पडद्यावर पात्रें बोलूं लागलीं कीं तळाशीं पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी उगवतात. यांस आजकाल सबटायटल्स म्हणतात. त्या वाचून होतात न होतात तोंच मावळतात. ओळी वाचाव्यात तर नटाच्या मुद्रेवरील छटा निसटते; मुद्रेकडे पाहावें तर वाक्य निसटतें. घरांतील तरुण मंडळी आम्हांस हंसतात. त्यांना या ओळींची इतकी संवय झाली आहे कीं मराठी चित्रपट पाहतांनाही त्यांची दृष्टि आपसूक खालीं जाते. आमची जात नाहीं, न्यावी लागते.

या ओळींमागें एक हिशेब असतो, तो प्रथम सांगावयास हवा. एका वेळीं पडद्यावर दोहोंपेक्षां अधिक ओळी सहसा ठेवीत नाहींत. एका ओळींत फार तर ४० च्या आसपास अक्षरें बसवितात, आणि दोन्ही ओळी पुऱ्या भरल्या तर त्या सुमारें ६ सेकंद दिसाव्यात असा या धंद्यांतील जुना संकेत आहे. मनुष्य बोलतो जलद, वाचतो त्या मानानें सावकाश. म्हणून भाषांतरकारास पात्रांच्या तोंडचीं वाक्यें छाटावीं लागतात. आधीं जातात तीं उद्गारवाचकें, मग संबोधनें, मग ती पुनरुक्ति, जिच्यांत पुष्कळदां माणसाचा सारा स्वभाव दडलेला असतो. अर्थ उरतो, बोलण्याचा ढंग उरत नाहीं. तेव्हां या ओळींविषयींची आमची अप्रीति केवळ आळसांतून आलेली नाहीं. तिचें भांडण या छाटणीशीं आहे.

तथापि वाचीत वाचीत चित्र पाहणें ही गोष्ट आपल्या समाजास नवी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला, तेव्हां त्यांतील प्रसंग व संवाद पाट्यांवरूनच कळत. १९३१ सालीं 'आलमआरा' व १९३२ सालीं प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' बोलूं लागला, तोंवर जवळजवळ दोन दशकें आपले आजे-पणजे चित्रपट वाचीतच होते. फरक एवढाच कीं त्या पाट्या चित्र थांबवून येत. आजच्या ओळी चित्र चालू असतांनाच पायांत घोटाळतात. आणि ज्यांना वाचतां येत नसे अशांसाठीं त्या काळीं थिएटरांत कोणी ना कोणी पाटी मोठ्यानें वाचून दाखवी. ही वाचून दाखविण्याची रीति पुढें आमच्या दिवाणखान्यांत अवतरली, म्हणून तिचा येथें उल्लेख केला.

आतां ज्या चित्रपटानें आम्हांसारख्या नाखूष वाचकास दोन तास जाग्यावर बसवून ठेविलें त्याकडे वळूं. मेक्सिकोचे दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांचा 'एल लाबेरिंतो देल फाउनो' हा स्पॅनिश भाषेंतील चित्रपट २००६ सालीं कान येथील महोत्सवांत प्रथम दाखविला गेला, आणि पुढल्या वर्षीं त्यास छायाचित्रण, कलादिग्दर्शन व रंगभूषा यांसाठीं ऑस्करचीं तीन पारितोषिकें मिळालीं. परभाषेंतील चित्रपटाचें पारितोषिक त्या वर्षीं एका जर्मन चित्रपटाकडे गेलें. कथा १९४४ सालची आहे. स्पेनमधील यादवी युद्ध १९३९ सालीं संपलेलें. जनरल फ्रँको यांची हुकूमशाही स्थिरावलेली. परंतु पराभूत पक्षाचे कांहीं लोक अद्याप डोंगरांत बंदूक खालीं न ठेवितां राहिलेले. त्यांचा बीमोड करण्याकरितां एका जुन्या गिरणीच्या आवारांत कप्तान व्हिदाल तळ देऊन बसला आहे. त्याची नवी पत्नी कार्मेन गर्भवती आहे, आणि तिला पहिल्या पतीपासून झालेली ओफेलिया नांवाची मुलगी तिच्याबरोबर तेथें येते. पहिला पति शिंपी होता. तो युद्धाच्या काळांत वारला.

गिरणीशेजारीं दगडी भिंतींची एक प्राचीन भूलभुलैया आहे. तिच्या पोटांत ओफेलियेस एक अर्धा मनुष्य व अर्धा बोकड असा शिंगाळ प्राणी भेटतो आणि सांगतो कीं, तूं पाताळच्या राजाची हरवलेली कन्या आहेस. पौर्णिमेच्या आंत तीन कसोट्या पार केल्यास तर स्वगृहीं परत जाशील. पुढें अंजिराच्या पोखरलेल्या झाडाखालीं बसलेला अजस्र बेडूक आहे, खडूनें भिंतीवर दार काढलें कीं उघडणारी वाट आहे, आणि तळहातांत डोळे बसवून चालणारा एक पांढरा नरभक्षक आहे. त्या नरभक्षकाच्या मेजवानीच्या मेजावरील एकही घांस खावयाचा नाहीं अशी अट आहे. आपल्याकडील राक्षस-राजकन्येच्या कहाण्यांवर वाढलेल्या माणसास या अटी नव्या नाहींत. मनाई केली कीं ती मोडली जाणार, हें लहान मुलासही ठाऊक असतें. प्रश्न एवढाच कीं कोणत्या क्षणीं.

या अद्भुत भागांत दिग्दर्शकांनीं एक उपकार केला आहे: त्यांनीं भयाचा कळस शब्दांवांचून गांठला आहे. नरभक्षकाच्या दालनाचा प्रवेश जवळजवळ मुकाच आहे. मेजाच्या टोकाशीं तो निश्चल बसलेला, पुढ्यांत बशीमध्यें काढून ठेविलेले डोळे, भिंतींवर बालकांच्या संहाराचीं चित्रें, कोपऱ्यांत लहान लहान जोड्यांचा ढीग. एवढें पाहिल्यावर खालीं वाचावयास कांहीं नसतें आणि वाचण्याची इच्छाही राहात नाहीं. थोड्याच वेळापूर्वीं आपण कप्तानास अशाच लांब मेजाच्या टोकाशीं बसून पाहुण्यांस मेजवानी देतांना पाहिलेलें असतें. त्याच दिवसांत दाराबाहेर गांवकरी शिधापत्रिका घेऊन पावाकरितां रांगेंत उभे असतात. दोन्ही मेजांतील साम्य कोणी बोलून दाखवीत नाहीं. रंगही बोलतात: गिरणीचें जग थंड निळसर व सरळ रेषांचें, पाताळाचें जग तांबूस-सोनेरी व गोलाईचें, आणि कथा पुढें सरकतां सरकतां एका जगाचा रंग दुसऱ्यांत झिरपूं लागतो. ज्याला खालीं वाचण्याचा कंटाळा आहे त्यानें या चित्रांकडे पाहूनच अर्धी कथा समजून घ्यावी.

उरलेल्या अर्ध्या भागासाठीं मात्र ओळी लागतात, आणि तेथें पर्यायाचा प्रश्न येतो. ओळी नकोत तर दुसरा मार्ग म्हणजे परक्या नटाच्या तोंडीं आपल्या भाषेचा आवाज बसविणें. हा मार्ग सोयीचा खरा. परंतु त्याचा इतिहास या चित्रपटाच्याच देशांत मोठा उद्बोधक आहे. १९४१ सालीं फ्रँको सरकारनें परदेशी चित्रपट स्पॅनिश आवाज बसवूनच दाखविले पाहिजेत अशी सक्ती केली. मुसोलिनीच्या इटलीचा कित्ता पुढें होताच. कांहीं वर्षांनीं सक्ती उठली, संवय राहिली. मूळ आवाज पुसून टाकला कीं कोण काय बोललें हें ठरविण्याचा अधिकार सेन्सॉरच्या हातीं जातो. १९५३ सालच्या 'मोगँबो' या अमेरिकन चित्रपटांत एक विवाहित स्त्री परपुरुषावर अनुरक्त होते. हें न रुचून स्पॅनिश आवृत्तींत त्या नवरा-बायकोस भाऊ-बहीण करण्यांत आलें. व्यभिचार टळला खरा; परंतु त्या 'भावा-बहिणीं'चें वागणें पडद्यावर पाहून प्रेक्षकांनीं मनांत काय आणावें याचा विचार सेन्सॉरनें केला नसावा! तळाच्या ओळी कितीही छाटलेल्या असोत, त्या मूळ आवाजास हात लावीत नाहींत. खोटें सांगितलेंच तर कान तक्रार करूं शकतो.

येथें एक गंमत नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. शिंगाळ प्राण्याची व नरभक्षकाची अशा दोन्ही भूमिका डग जोन्स या अमेरिकन नटानें केल्या आहेत. त्यास स्पॅनिश येत नव्हतें. रोज रंगभूषेस तासन् तास लागत. त्या वेळांत त्यानें आपलीं वाक्यें घोकून पाठ केलीं, ओठ बरोबर हलविले, आणि शेवटीं आवाज दुसऱ्या, स्पॅनिश नटाचा बसविण्यांत आला. म्हणजे मूळ चित्रपटांतही एका पात्राचा आवाज उसनाच आहे. शुद्ध मूळाचा फार आग्रह धरणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. परंतु ओठ आणि शब्द यांचा मेळ बसला आहे, आणि आमच्या कानांस त्यांत कांहीं खटकलें नाहीं.

इंग्रजी ओळींचें काम देल तोरो यांनीं दुसऱ्यावर सोंपविलें नाहीं. त्यांच्या २००१ सालच्या 'एल एस्पिनाझो देल दियाब्लो' या स्पॅनिश चित्रपटाच्या ओळींनीं त्यांची निराशा केली होती. म्हणून या खेपेस त्या त्यांनीं स्वतः लिहिल्या. त्या नेमक्या व आटोपशीर आहेत. असें असूनही चित्रपटाचें इंग्रजी नांवच वांकडें पडलें. मूळ नांवाचा अर्थ 'फॉनची भूलभुलैया'. फॉन ही रोमन पुराणांतील वनचरांची एक जात. इंग्रजींत तें 'पॅन्स लॅबिरिंथ' झालें, आणि पॅन हा तर ग्रीकांचा एक विशिष्ट देव. आपला प्राणी पॅन नव्हे, असें दिग्दर्शकांनींच सांगितलें आहे. पहिली ओळ उमटण्यापूर्वींच भाषांतर वाट चुकतें तें असें.

आणि नांवाची चूक या चित्रपटांत क्षुल्लक म्हणतां येत नाहीं, कारण कोण कोणास काय म्हणतें यावरच त्याची उभारणी आहे. आरंभींच कार्मेन मुलीस विनविते कीं, कप्तानास 'बाबा' म्हण. तो शब्द आहे, केवळ एक शब्द. ओफेलिया तो एक शब्द देत नाहीं. घरांतील दासी मेर्सेदेस हिजपाशीं ती सांगते कीं, तो माझा बाप नव्हे, माझे बाबा शिंपी होते. शिंगाळ प्राण्यास नांव विचारावें तर तो म्हणतो कीं आपलीं नांवें इतकीं जुनीं आहेत कीं तीं वाऱ्यासच उच्चारतां यावींत. आणि कप्तानाचा हिशेब शेवटीं कसा चुकता होतो तें आम्ही सांगणार नाहीं. एवढेंच सूचवितों कीं त्यास सर्वांत मोठा घाव बंदुकीच्या गोळीनें बसत नाहीं.

आमच्या घरीं हा चित्रपट लागला त्या रात्रीं वडील आत्याबाईही येऊन बसल्या होत्या. वय ऐशींच्या पुढें. मराठी पोथी अजून चष्मा लावून सुरेख वाचतात, इंग्रजी येत नाहीं. अशा माणसास परभाषेंतील चित्रपटांतून आपण किती सहज बाहेर ठेवतों! तरुणांचा वाद असतो तो ओळी असाव्यात कीं नसाव्यात असा. आत्याबाईंसारख्यांपुढें ओळी असून नसल्यासारख्याच. आमच्या कॉलेजांत जाणाऱ्या पुतणीनें शेजारीं बसून ओळी मराठींत सांगावयास सुरुवात केली. प्रथम अडखळली, पुढें रंगली. शिंगाळ प्राणी मुलीपुढें कंबरेंत लवून बोलूं लागला तेव्हां पुतणी म्हणाली, "तो म्हणतो आहे, तूं परत आलीस." आत्याबाईंनीं तिला थांबविलें. "अगं, तो तिच्यापुढें इतका वांकतो आहे आणि 'तूं' म्हणेल होय? नीट बघून सांग." पुतणीनें ओळ पुन्हां लावून पाहिली. "आत्याआजी, इंग्रजींत नुसतें 'यू' आहे. त्यावरून कसें कळणार?"

इंग्रजी ओळींत 'युवर हायनेस' एवढा मान उरतो; सर्वनाम मात्र कप्तान शिपायास लावतो तेंच. स्पॅनिश भाषेंत आपल्या मराठीप्रमाणेंच समोरच्यास संबोधण्याच्या पायऱ्या आहेत. दोन्ही भाषा मुळांत एकाच कुळांतल्या, त्यामुळें पहिली पायरी उच्चारासह आपलीच: 'तू'. परक्यास व मान्यास 'उस्तेद'. या दोहोंच्या पलीकडे राजेरजवाड्यांच्या काळचें 'वोस' आहे. तें आज स्पेनमध्यें नित्याच्या बोलण्यांत ऐकूं येत नाहीं. जुन्या नाटकांत वा दरबारी थाटाच्या भाषणांत तेवढें आढळतें. शिंगाळ प्राणी ओफेलियेस हेंच 'वोस' लावतो. गिरणींतील सारीं मोठीं माणसें जिला 'हें कर, तें करूं नकोस' म्हणून दटावतात, त्या शिंप्याच्या पोरीस हा प्राणी दरबारी बहुवचनानें संबोधितो. आणि तोही असा, कीं त्याजवर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा हें शेवटपर्यंत कळत नाहीं. मुलगी पाताळाच्या वाटेस कां लागते, याचें अर्धें उत्तर त्या एका सर्वनामांत आहे. इंग्रजीस तें पोंचवितां आलें नाहीं, कारण तिच्या नित्याच्या बोलींत आतां तसें सर्वनामच उरलेलें नाहीं. आत्याबाईंनीं स्पॅनिशचें एक अक्षर न जाणतां, केवळ त्या लवण्यावरून तें ओळखलें. त्यानंतर पुतणीनें त्याच्या तोंडीं 'आपण' घातलें, आणि घरांतील सर्वांस दृश्य एकदम वेगळें दिसूं लागलें. 'आपण परत आलांत' हें वाक्य त्या ओलसर दगडी विहिरींत जसें घुमलें, तसें 'तूं आलीस' घुमलें नव्हतें.

आत्याबाईंचें लक्ष राजकन्येइतकेंच, किंबहुना अधिक, मेर्सेदेसवर होतें. ती कप्तानाच्या घरची चाकरी करते, कोठीची किल्ली संभाळते, आणि चोरून डोंगरांतल्या आपल्या भावास अन्न व औषधें पोंचविते. भाजी चिरण्याचा लहानसा सुरा काम झालें कीं ती कंबरेच्या ॲप्रनच्या घडींत खोंचून ठेवते. ही संवय आरंभीं एकदांच, ओझरती, दाखविली आहे. ज्याची दृष्टि त्या क्षणीं ओळींत गुंतली असेल त्यास ती दिसणार नाहीं. आत्याबाईंस दिसली. स्वयंपाकघरांत कोणती वस्तु कोठें जाते याकडे त्यांचें लक्ष असतें, आणि ओळी तर त्या वाचीतच नव्हत्या! पुढें तो सुरा कामास येतो तेव्हां आम्ही सर्व दचकलों. त्या दचकल्या नाहींत. कप्तानाचा नाश ज्यामुळें होतो तो दोषही हाच आहे: घरांत वावरणारी बाई त्याच्या दृष्टीस कधीं पडतच नाहीं.

लहान मुलांविषयीं एक शब्द सांगणें अवश्य आहे. नायिका बालिका आहे, पऱ्या आहेत, बेडूक आहे, म्हणून मुलांस बोलावून बसवूं नये. चित्रपटांतील क्रौर्य अद्भुत जगांतलें नाहीं, कप्तानाच्या जगांतलें आहे. एका निरपराध शेतकऱ्याच्या मुलास तो ज्या रीतीनें मारतो तें मोठ्यांसही पाहवत नाहीं. आम्हीं धाकट्यांस आधींच निजावयास पाठविलें होतें.

राहिली ती अंगाई. भेदरलेली ओफेलिया एके रात्रीं मेर्सेदेसपाशीं अंगाई मागते. मेर्सेदेस म्हणते, एक येत होती, पण शब्द आठवत नाहींत, चालच तेवढी आठवते. मुलगी म्हणते, तीच चालेल. मग ती नुसती गुणगुणते. हाव्हिएर नाव्हार्रेते यांनीं बांधलेली ही चाल चित्रपटाच्या पहिल्या क्षणापासून पार्श्वभूमीस आहे, आणि सर्व संगीत तिच्याभोंवतीं विणलेलें आहे. त्या प्रसंगीं पडद्याचा तळ रिकामा राहतो. संबंध रात्रभर खालीं-वर धांवणारी आमची दृष्टि तेथें प्रथम स्थिर झाली. ज्या दिग्दर्शकांनीं प्रत्येक ओळ स्वतः घांसून लिहिली त्यांनींच सर्वांत मायेच्या जागीं शब्द काढून घेतले आहेत.

पुतणी संवयीनें सांगावयास वळली, आणि सांगावयास कांहीं नाहीं हें ध्यानांत येऊन थांबली. आत्याबाईंनीं विचारलें, "काय म्हणते आहे ती?"

"शब्द नाहींत, आत्याआजी."

"बरें," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदरानें पुसूं लागल्या.